वाट उचलण्याचे सात दिवस

दगड हलेना. चुडामणने पहार काढून दुसऱ्या बाजूने खुपसली, छातीचा सगळा भार तिच्यावर टाकला, तेव्हा कुठे मातीने दगडाची कड सोडली. खालून ओलसर वास आला. बावीस वर्षं इथल्या मातीला ऊन लागलं नव्हतं. एक गांडूळ उजेडाने बावचळून गोल फिरलं आणि परत मातीत शिरलं.

डोंगरातल्या पाण्याच्या झिऱ्याअलीकडची ही शेवटची पायरी. ती चुडामणनेच बसवली होती. त्याने दगड लोटून दिला. दोन-चार कोलांट्या खाऊन तो कुड्याच्या झुडपात अडकला आणि तिथे जन्मापासूनच असल्यासारखा दिसू लागला.

चुडामण खैरवाडी ग्रामपंचायतीचा कर्मचारी. शहाद्याहून सातपुड्याकडे निघालं की केळीचे मळे मागे पडतात, जमीन हळूहळू चढू लागते आणि डोंगराच्या पायाशी खैरवाडी येते. गावामागचं जंगल गावाच्याच ताब्यात आहे. ते राखायचं, उन्हाळ्याआधी वणवा अडवायला जाळरेषा काढायच्या, झिऱ्यापर्यंतची पायवाट साफ ठेवायची, हे चुडामणचं काम. बाकीचे कर्मचारी नळाला पाणी सोडत, दिवाबत्ती बघत. चुडामण जंगलात असे. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. त्याच्याविषयी गावात कुणी कधी फारसं काही बोललं नव्हतं, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

आणि आता त्याला ती वाट पुसून टाकायची होती.

त्याचं असं झालं. झिऱ्याजवळच्या नाल्यात बिबट्याची मादी व्याली. कुणीतरी वाटेचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला आणि रविवारी गाड्या भरभरून माणसं येऊ लागली. जानेवारीत एका घोळक्याने पिल्लं बाहेर यावीत म्हणून नाल्याच्या तोंडाशी फटाके लावले. मादी एक पिल्लू तोंडात धरून पलीकडच्या कड्यात गेली. दुसऱ्यासाठी ती परतली नाही. तिसऱ्या दिवशी ते चुडामणलाच सापडलं, करवंदीच्या जाळीखाली. मांजराच्या पिलाएवढं, डोळे नुकते उघडलेलं.

ग्रामसभेत सरपंच दिपालीने ठराव वाचला. ती तीस-बत्तीसची, आवाज न चढवता बोलणारी. वरची वाट कायमची बंद. पाटीने आणि तारेने माणसं थांबत नाहीत, म्हणून वाटच राहू द्यायची नाही. फिरायला येणाऱ्यांसाठी तळ्याच्या बाजूने नवी वाट करायची.

"कुणाची हरकत?" तिने विचारलं. मग चुडामणकडे पाहिलं. "काका, तुमचं काय म्हणणं?"

"बरोबर शे," चुडामण म्हणाला.

आणि ते बरोबरच होतं. ते पिल्लू त्याने स्वतःच्या हाताने पुरलं होतं.

एक गोष्ट मात्र त्याने सभेत सांगितली नाही. ती त्याने कधीच कुणाला सांगितली नव्हती.

चोवीस वर्षांपूर्वी त्याच्या बायकोची, रुक्मिणीबाईची, नजर जाऊ लागली. आधी कडांनी अंधार आला, मग तो आत आत सरकत गेला. सुरतेच्या डॉक्टरांनीही मान हलवली. दोन वर्षांत सगळं मिटलं. चाळिशीच्या आतली बाई, ओट्यावर बसून राहू लागली. कुणी हात धरून कुठे न्यायला आलं की तिचा चेहरा दगडासारखा होई.

त्याच सुमाराला पंचायतीने पायवाट बांधायची ठरवली आणि काम चुडामणकडे आलं. त्याने ती पायांना कळेल अशी बांधली. वळण येण्याआधी नदीतले गुळगुळीत गोटे. चढ लागण्याआधी दोन हात बारीक खडी. डावीकडे घसरण होती तिथे कडेला उभे दगड, पायाच्या करंगळीला लागतील असे. अंजनाच्या झाडाखाली काहीच नाही, नुसती गार माती; म्हणजे इथे बसायचं. दप्तरात त्याची नोंद 'पायवाट दुरुस्ती' एवढीच झाली. फिरायला येणाऱ्यांना वाटे, कारागीर जरा हौशी असावा.

काम संपल्यावर त्याने रुक्मिणीबाईला वाटेच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. "जाय," एवढंच म्हणाला. ती गेली. दीड तासाने खाली आली तेव्हा तिचा पदर झिऱ्याच्या पाण्याने भिजलेला होता आणि ती काही बोलत नव्हती. तेव्हापासून ती रोज सकाळी एकटी वर जाई. घरात, गल्लीत, बाजारात ती आंधळी होती. वाटेवर नव्हती.

ग्रामसभा झाली त्या संध्याकाळी जेवताना त्याने तिला सांगितलं. ती घास हातात धरून थांबली.

"सगळी?"

"सगळी."

"वरतीन सुरू करशात का खालतीन?"

"वरतीन. उचलत उचलत खाले येसू."

ती बराच वेळ तोच घास चावत राहिली. मग म्हणाली, "मंग खालनी थोडा दिन ऱ्हाई. मी तठे भाकर लयी येसू."

सोमवारी पहाटे वनरक्षक रायसिंग चुडामणबरोबर वर आला. तो वरच्या पाड्यातला, अबोल माणूस. नाल्याकाठची माती त्याने वाकून वाकून पाहिली आणि मादी कड्याकडून इकडे आलेली नाही याची खात्री केली.

"नुसते दगड काढून भागणार नाही, चुडामणभाऊ," तो म्हणाला. "इतके पाय पडले, माती पण दगडच झाली. ती फोडा. बी धरलं पाहिजे. बाकीचं जंगल करेल."

चुडामण कुदळीने माती फोडू लागला. फोडलेल्या मातीत बहाव्याचं, करंजाचं, खैराचं बी टाकायचं, वर पाचोळा पसरायचा, त्यावर बोरीच्या काटेरी फांद्या आडव्या. फाल्गुन लागला होता. पळस इतका फुलला होता की खालच्या मातीलाही लाली आली होती. कुदळ थांबवली की आजूबाजूला सगळं एकदम जवळ येई. पान पडतानाचा आवाज. कुठेतरी सुतार पक्ष्याची टकटक. मध्येच त्याला वाटे, आपण माती फोडत नसून एखादं झोपलेलं जनावर हळूहळू खाजवतो आहोत आणि ते आता कूस बदलेल.

न्याहारीची वेळ टळून गेल्यावर रुक्मिणीबाई वर आली, डोक्यावर फडक्यात बांधलेली भाकरी. जिथे वाट संपत होती तिथे तिचा पाय भुसभुशीत मातीवर पडला आणि पाण्यात पडल्यासारखा चटकन मागे आला.

"आठे संपनी," ती म्हणाली.

दोघं तिथेच बसली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पार गार झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती थोडी लवकर पोचली. तिसऱ्या दिवशी आणखी लवकर. वाट रोज तिच्याकडे सरकत होती. येताना ती कुठे रेंगाळत नसे, पण बसल्यावर बोले. इतक्या वर्षांत बोलली नव्हती इतकं. कुठल्या वळणावर वारा अंगावर उजवीकडून येतो. कुठल्या दगडावर श्रावणात बेडूक असतो आणि तिचा पाय पडायच्या आधी तो उडी मारतो, एकदाही चुकला नाही. एका ठिकाणी तिला दरवर्षी दोन-तीन दिवस कसलातरी गोड वास येई. कशाचा ते तिने कधी विचारलं नाही, कळलं असतं तर तो नुसता एका झाडाचा वास झाला असता.

"आनि ते गोटा," चौथ्या दिवशी ती म्हणाली, "वळनना पहिले टाकेल व्हतात ते. मले पहिलाच दिन समजनं व्हतं."

"काय समजनं?"

"का हाई वाट कोनासाठे शे."

चुडामण भाकरीचा तुकडा मोडत होता. तो मोडून झाला, तरी तो मोडतच राहिला. वरती कड्याच्या बाजूला एक मोर ओरडला आणि गप्प झाला.

"बोलनी काब नही मंग?" शेवटी त्याने विचारलं.

"तुम्हीन कोठे बोलनात?"

पाचव्या दिवशी दिपाली स्वतः आली. पायात चपला, हातात मोबाईल, चेहरा धावत आल्यासारखा. खालून येताना तिने रुक्मिणीबाईला कुणाच्याही आधाराशिवाय वाट चढताना पाहिलं होतं आणि ती हळूहळू तिच्या मागून चालत आली होती. वळण पाहिलं होतं, खडी पाहिली होती, दगड पाहिले होते.

"काका," ती म्हणाली, "हे तुम्ही सभेत का नाही सांगितलं?"

चुडामण कुदळीचा दांडा पुसत राहिला.

"अजून खालची शंभर पावलं आहेत. तेवढी ठेवू या. मावशींसाठी. मी सगळ्यांना सांगते, ठराव दुरुस्त करून घेते. कुणी नाही म्हणणार नाही."

कुणीच नाही म्हटलं नसतं हे चुडामणला माहीत होतं. शंभर पावलं. सकाळी जाऊन यायला पुरेशी. एक वळण, एक चढ. त्याने बायकोकडे पाहिलं. त्याला वाटलं, तिने हो म्हणावं. त्याला हेही वाटलं की आपण हे मनात आणतो आहोत ते तिला दिसतं आहे.

"नको माय," रुक्मिणीबाई म्हणाली. "थोडी ठेवी ना, मंग लोके पुढली सोधत बठतीन."

खाली जाताना दिपाली वाटेवरून गेली नाही, कडेच्या गवतातून गेली.

सातव्या दिवशी चुडामणने पहाटेच काम सुरू केलं. चाळीस पावलं उरली होती. न्याहारीच्या वेळेला रुक्मिणीबाईच्या बांगड्या वाजल्या. तिने फडकं सोडलं आणि वाफ वर आली. भाकरी गरम होती.

त्या दिवशी दोघांनी हळूहळू खाल्लं. मग ती उठून गेली नाही. चुडामण शेवटचे गोटे उपटत होता तोवर ती शेजारी बसून राहिली. "बी दे," म्हणाली. त्याने पिशवीतलं बी तिच्या ओटीत ओतलं. ती पुढे सरकत सरकत फोडलेल्या मातीत ते टाकत गेली, एकेक दाणा बोटाने दाबत, वर माती ओढत. सूर्य डोक्यावर आला तेव्हा टाकायला जागा उरली नव्हती. पुढे गावाकडे जाणारा डांबरी रस्ता होता.

चुडामणने पहार आणि कुदळ खांद्यावर घेतली. रस्त्यावर आल्यावर रुक्मिणीबाई थांबली. तिने हात पुढे केला. त्याने तो धरला. दोघं घरी गेली.

तळ्याकडची नवी वाट पावसाळ्याआधी झाली. छान झाली. फरशा, लोखंडी कठडा, बसायला बाक. रुक्मिणीबाई दोनदा जाऊन आली. "चांगली शे," म्हणाली. पुन्हा गेली नाही. सकाळी ती आता ओट्यावर बसून शेंगा सोलत असे. रायसिंगने श्रावणात निरोप पाठवला होता की नाल्याच्या मातीत पंजे दिसले, एक मोठा आणि एक लहान. तो निरोप चुडामणने तिला दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा तिनेच विचारलं म्हणून.

भाद्रपदात पंचायत समितीतून हेमकांत नावाचा तरुण अधिकारी कामाची पाहणी करायला आला. नवी वाट पाहून झाली. मग त्याने फाइल उघडली.

"आणि ती जुनी वाट बंद केल्याचं काम? तेही दाखवा."

चुडामण त्याला डोंगराच्या पायाशी घेऊन गेला. सकाळी तिला दवाखान्यात नेऊन तो परस्पर कामावर आला होता, म्हणून रुक्मिणीबाईही बरोबर होती. तिला त्याने रस्त्याकडेच्या मोरीवर बसवलं. समोर कमरेएवढं गवत होतं, तेरडा गुलाबी फुलला होता. मधूनमधून करंजाची हातभर रोपं आणि खैराचे कोवळे काटे.

हेमकांतने इकडेतिकडे पाहिलं. "कुठे होती वाट?"

"आठेच, साहेब. आपल्या समोर."

"पण इथे तर काहीच दिसत नाही."

"हो, साहेब," चुडामण म्हणाला.

हेमकांत जरा वेळ शोधत राहिला. एका ठिकाणी त्याने बुटाच्या टोकाने गवत बाजूला केलं. खाली गवतच होतं. त्याने मान डोलावली. "मला काम झाल्यानंतरचा फोटो जोडावा लागतो. नुसत्या झाडीचा फोटो वर कुणी मान्य करणार नाही. काका, तुम्हीच उभे राहा तिथे. निदान जागा तरी कळेल."

चुडामण गवतात शिरून उभा राहिला. शर्टाचं वरचं बटण लावलं. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

तेवढ्यात मोरीवरून रुक्मिणीबाई उठली. कुणी तिला हाक मारली नव्हती. चपला तिने तिथेच काढून ठेवल्या आणि ती गवतात उतरली. तेरडा दोन्ही बाजूंनी तिच्या लुगड्याला घासत होता. मध्ये एकदा, जुन्या वळणापाशी, ती थांबली, अर्धं पाऊल डावीकडे सरकली, आणि सरळ चालत येऊन चुडामणच्या शेजारी उभी राहिली.

"मावशी, इकडे बघा," हेमकांत मोबाईल वर धरून म्हणाला.

"कोठे?" तिने विचारलं.

चुडामणने दोन बोटांनी तिची हनुवटी किंचित वळवली.