चार मिलिमीटर

योगिनी लिहायला बसली की हात आखडता घेत नाही. आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या औषध कंपनीत, क्वालिटी खात्यात आठ वर्षं काढलेली बाई. तिथे साधं झाकण घरंगळलं तरी पानभर अहवाल! दर रविवारी ती बेवारस कुत्री सांभाळणाऱ्या एका रेस्क्यूत मदतीला जाते. तिथे ब्रॅन नावाचा म्हातारा कॉली, ताटली उचलताना तिच्या बोटाला चावला, तर तेही तिने अपघातांच्या वहीत साग्रसंगीत उतरवलं. वेळ, कारण, जखमेची लांबी चार मिलिमीटर. अहो, पट्टीसुद्धा लागली नव्हती! दुसऱ्या कुणी ते वहीत लिहिणं सोडाच, चहा पिताना सांगितलंही नसतं.

नेमकी रेस्क्यूच्या विम्याच्या नूतनीकरणाला विमा कंपनीने ती वही मागवली. उत्तर आलं: चावल्याची नोंद असलेला कुत्रा आवारात नको आणि कुणाला दत्तकही द्यायचा नाही. शुक्रवारपर्यंत त्याची विल्हेवाट लावा, नाहीतर विमा बंद. विमा नाही तर रेस्क्यूला टाळं, आणि चाळीस कुत्री रस्त्यावर.

विल्हेवाट! वाचूनच योगिनी भडकली. कचरा आहे का तो, मेल्यांनो?

रेस्क्यू चालवणाऱ्या नोरीनने ब्रॅनला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवण्यासाठी व्हेटची, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची, गुरुवारची वेळ घेतली आणि चहाचं पाणी ठेवलं. "तुझा दोष नाही गं," ती म्हणाली, पण योगिनीकडे न बघता. ते फार लागलं.

बुधवारी योगिनीने विमा कंपनीला स्वतःच फोन लावला. तिथला माणूस इतका गोड बोलत होता की अंगावर काटा यावा. त्याच्याही घरी लॅब्रॅडॉर होता म्हणे. बोट माझं, चूक माझी, कुत्र्याचा काही दोष नाही, असं तिने परोपरीने सांगितलं. नोंद ती नोंद, तो म्हणाला. मग हळूच पुढे म्हणाला, "नोंदच खोटी होती असं लेखी दिलंत, तर बघता येईल."

म्हणजे कुत्रा, बोट, खरं-खोटं, कशाशीच ह्याला देणंघेणं नव्हतं. कागद हवा होता, बस्स. शिसारी आली तिला. आणि त्याहून जास्त स्वतःची आली, कारण जन्मभर तिने असल्या कागदांचीच पूजा केली होती. ऑफिसात कुणी एक तारीख खोडली तरी ती त्याच्याशी महिनाभर धड बोलत नसे.

तिने लिहून दिलं: कुत्रा चावला नाही. ताटलीची कड लागली. मी खोटी नोंद केली. सही करताना तिला थुंकावंसं वाटलं.

नोरीनने व्हेटची वेळ रद्द केली. शुक्रवारी विमा मंजूर झाल्याचं पत्र आलं, तेव्हा तिने योगिनीला बोलावून घेतलं आणि ते मोठ्याने वाचायला लागली. दुसऱ्या पानावर तिचा आवाज खाली आला. ब्रॅन राहू शकतो. मात्र खोटी नोंद करणाऱ्या व्यक्तीला यापुढे आवारात प्रवेश देऊ नये.

"ग्रँड," ठीक आहे म्हणायला इथले लोक म्हणतात तसं योगिनी म्हणाली. संतापाने तिला जॅकेटची चेनही लावता येईना. ब्रॅन नेहमीसारखा तिच्यामागे फाटकापर्यंत आला, आणि ती बाहेर पडेपर्यंत नोरीनने त्याला पट्ट्याला धरून आत ठेवलं.