जळक्या अंगणातलं झाड

मारितनं सुई क्रॅनबेरीत खुपसली आणि फळ फुटलं. लाल रस अंगठ्यावरून मनगटापर्यंत ओघळला. तिनं फुटलेलं फळ तोंडात टाकलं, आंबटपणानं डोळे मिटले आणि परातीतलं दुसरं उचललं.

"टणक बघून घे," समोर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "आणि मक्याच्या लाह्या कालच्याच आहेत ना? ताज्या लाह्यांत सुई घातली की नुसता भुगा होतो."

लाह्या कालच्याच होत्या. मारितची अकरा वर्षांची लेक सिग्ने नाताळच्या माळेसाठी एक पांढरी लाही, एक लाल फळ असं आळीपाळीनं दोऱ्यात ओवत होती. धाकटा पेडर ओव्हनसमोर स्टुलावर बसून संत्र्याच्या चकत्या वाळताना बघत होता. त्या करपणार नाहीत याची जबाबदारी त्याच्यावर होती. मागच्या जिन्यात केकच्या भांड्यांतून पाणी गोठत ठेवलं होतं. प्रत्येक भांड्यात देवदाराची एक डहाळी, चार लाल फळं आणि टांगण्यासाठी सुतळीचा फास.

ऑक्टोबरात त्यांचं घर जळालं. भिंतीतली कुठलीशी तार तापली आणि शाळेच्या कार्यक्रमाहून सगळे परत येईपर्यंत छप्पर खाली आलं होतं. माळ्यावर नाताळची पेटी होती. मारितच्या नवऱ्याच्या, ऑरिनच्या आजीनं नॉर्वेहून आणलेले काचेचे गोळे, गवताच्या काडीचे बोकड, सिग्नेनं बालवाडीत केलेली कापसाची परी, सगळं त्या पेटीत होतं. तेव्हापासून चौघं गावात, बेकरीवरच्या दोन खोल्यांत सासूबाईंकडे राहत होते. तिथं झाड उभं करायला जागा नव्हती. टेबलावर ठेवायला प्लॅस्टिकचं एखादं आणू, असं सासूबाईंनी सुचवून पाहिलं होतं.

"आपलं झाड आहे की अंगणात," सिग्ने म्हणाली होती. "ते कुठं जळलंय?"

"एका बाजूनं जळलंय," पेडर म्हणाला.

"मग दुसऱ्या बाजूनं सजवू."

घर जळालं त्या संध्याकाळनंतर मारितनं तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. कामावर जातानासुद्धा ती लांबचा रस्ता धरी. दूर डुलुथ शहरात तिच्या बहिणीनं त्यांच्यासाठी घर बघून ठेवलं होतं, मारितला तिथल्या इस्पितळात नोकरीही मिळत होती. तिनं ऑरिनला हे सांगितलं तेव्हा त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि नाताळ होऊ दे, एवढंच म्हणाला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. फक्त रविवारी तो एकटाच कुठंतरी जाऊन येई आणि दाराबाहेर बराच वेळ बूट झटकत राही. कुठं गेला होतास, असं तिनं कधी विचारलं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी ते जुन्या घराकडं निघाले. सासूबाई पाव भाजायला घरीच राहिल्या. माळा खोक्यात होत्या, बर्फाच्या चकत्या जुन्या टॉवेलात गुंडाळून पेडरच्या मांडीवर. ऑरिननं ट्रक रस्त्याच्या कडेला उभा केला. इंजिन चालू ठेवून तो मारितकडं वळला.

"मी इथंच बसते," ती म्हणाली. "तुम्ही जा."

त्यानं मान हलवली आणि पोरांना घेऊन उतरला.

बर्फानं सगळं सारखं करून टाकलं होतं. नगरपालिकेनं तळघर मातीनं बुजवलं होतं, त्यामुळे घराच्या जागी एक सपाट पांढरा तुकडा आणि पुढं दगडाच्या तीन पायऱ्या, एवढंच उरलं होतं. पलीकडं स्प्रूसचं ते सूचीपर्णी झाड उभं होतं. घराकडची त्याची बाजू काळी, काटक्यांची, दुसरी हिरवी. ऑरिननं माळा वरच्या फांद्यांवर टाकल्या. संत्र्याच्या चकत्या सिग्नेनं टोकाटोकाला अडकवल्या. पेडरनं मात्र आपल्या बर्फाच्या चकत्या घेऊन सरळ जळकी बाजू गाठली. तिथल्या काटक्यांना पानंच नव्हती, त्यामुळे फास चटकन बसत होते. सूर्य बर्चच्या झाडांच्या रांगेवर आला तेव्हा त्या चकत्या आतून पेटल्यासारख्या दिसू लागल्या. मारितनं काचेवरची वाफ बाहीनं पुसली.

सिग्नेनं ये म्हणून हात केला. मारितनं आतूनच हात हलवला.

तेवढ्यात बर्चच्या झाडांवर काहीतरी उतरलं. वाऱ्यानं पाचोळा उडावा तसं ते आधी वाटलं, पण पाचोळा असा झाडावर जाऊन बसत नाही, आणि वारा तर नव्हताच. बारीक किणकिण ऐकू येऊ लागली, बंद काचेतूनसुद्धा. मग तो सगळा थवा एकदम उठला, अंगणावरून एक वळण घेतलं आणि स्प्रूसवर येऊन बसला.

शेकडो पाखरं होती. राखाडी अंग, डोक्यावर तुरा, शेपटीच्या टोकाला पिवळी कड. हिरव्या फांद्या भरल्या, मग काळ्याही भरल्या. एकही काटकी रिकामी राहिली नाही. ऑरिन दोन्ही हात अर्धवट उचललेले तसाच थांबला होता. पेडर तोंड उघडं टाकून वर बघत होता. सिग्नेच्या हातात माळेचं शेवटचं टोक होतं. एक पाखरू तिच्या हातमोज्यावर बसलं आणि त्यानं दोऱ्यातलं फळ ओढून घेतलं. पोरीनं श्वास रोखून धरला होता.

मारितनं दार कधी उघडलं ते तिचं तिलाच कळलं नाही. ती गुडघाभर बर्फातून चालत आली, पायऱ्यांना वळसा घालून पुढं गेली आणि थांबली. तिच्या डोक्यावरूनही पाखरं येत होती. पंखांचा वारा कानाला लागत होता. पाखरांच्या घाईनं सगळं झाड थरथरत होतं. तिला वाटलं, गुडघे टेकावेत. लहानपणी चर्चमध्ये टेकायची ती, सांगितलं म्हणून. आज कुणी सांगितलं नव्हतं.

मग कशानं कोण जाणे, सगळी एकाच वेळी उडाली. आकाशात एक गोळा झाला, लांबला, आणि तळ्याच्या दिशेनं निघून गेला. ती किणकिण बराच वेळ कानांत राहिली.

झाडावर लाह्या लटकत होत्या, मधे मधे नुसता दोरा.

"माळांतली सगळी लाल फळं खाल्ली," पेडर कुजबुजला. तक्रार नव्हती त्यात.

सिग्ने आपल्या हातमोज्याकडं बघत होती. ऑरिननं वळून पाहिलं तेव्हा त्याला मारित दिसली. ती पायऱ्यांच्या आतल्या अंगाला, त्या सपाट पांढऱ्या तुकड्याच्या मधोमध उभी होती. तो हळूहळू तिच्यापाशी आला.

"हे स्वयंपाकघर ना?" तिनं विचारलं.

"हो."

"इथून हे झाड कधी दिसलंच नाही."

"या बाजूला भिंत होती," तो म्हणाला. "कपाट होतं तुझं."

तिनं नाक बाहीला पुसलं.

"कपाट दुसरीकडं ठेवता येईल," ती म्हणाली.

ऑरिननं तिच्याकडं पाहिलं नाही. तो चार पावलं पुढं गेला, बुटाच्या टाचेनं बर्फात एक खूण केली, मोजल्यासारखा सरकला आणि दुसरी केली. मग मागं वळला.

"एवढी खिडकी?"

"थोडी मोठी," मारित म्हणाली.