चादरीवरची टेकडी

चर्चच्या भिंतीवर चादर ताणली होती आणि चादरीवर आमचं गाव बुडत होतं. निळं पाणी एकेक घर गिळत चाललं, तसे लास गार्सासचे लोक छातीवर क्रूस काढू लागले. एउफेमिया मावशीचं घर गेलं तेव्हा मावशी बसल्या जागी रडायला लागली.

"पंचवीस वर्षांनी हे होणार!" डॉक्टर बेल्त्रान गरजले. आमच्याकडे इस्त्रीचा शर्ट घातला की माणूस डॉक्टर होतो. हे राजधानी बोगोताहून कॉम्प्युटर आणि प्रोजेक्टर घेऊन गावाच्या शाश्वत विकासाचा आराखडा करायला आले होते. "मात्र खाडीपलीकडे बघा, हिरवी टेकडी! तिथे नवं गाव वसवू. किनारा सोडायला कोण तयार आहे? हात वर करा."

"आणि चुकलं तर?" मावशीने नाक पुसत विचारलं.

"उपग्रह खोटं बोलत नाही, मावशी. त्याला ना मेहुणा, ना निवडणूक."

झालं! हात वर जायला लागले. माझाही निम्मा गेला होता. कॉम्प्युटरपुढे माणसाचं मेंढरू होतं.

शाळेच्या नुरिसबाई उठल्या. "तिथे तर खारफुटी आहे."

"बाई, तुम्ही खालून पाहता, उपग्रह वरून."

"मग उरलेली सभा टेकडीवरच घेऊ. चला, होड्या काढा!"

भरती चढत होती. पलीकडे पोचताच डॉक्टरांनी ऐटीत पाय खाली टाकला आणि मांडीपर्यंत चिखलात गेले. एक बूट खारफुटीला अर्पण झाला.

"वर वारा छान असेल, नाही का?" मावशीने विचारलं. हसून हसून होड्या डुलल्या.

नुरिसबाई मात्र हसल्या नाहीत. "वरून पाहिलं म्हणूनच फसगत झाली. उपग्रहाला झाडांचे शेंडे दिसले, ते यंत्राने जमीन म्हणून मोजले. म्हणून चिखलाची टेकडी झाली. डॉक्टर, इथे आधी कधी आला होतात?"

"नकाशा ऑफिसात केला," चिखलातून आवाज आला.

"आणि रिकामा किनारा कुणाला हवाय?"

"हॉटेलवाल्यांना," डॉक्टर चिखलात बूट चाचपत पुटपुटले.

पाणी वाढतंय हे खरंच आहे. म्हणून बाईंनी गावकऱ्यांना घेऊन बांबूने जमिनीची उंची मोजली आणि नकाशा नव्याने केला. मावशीचं घर खरंच सखल निघालं. ती रडली नाही. तिने घराखालचे खांब उंच करून घेतले. लाटा अडवणारी खारफुटी तोडायची नाही, हेही ठरलं.

नकाशा कामाचा आहे, पण तो देव नव्हे. उद्या तुमच्या चादरीवर कुणी चमत्कार दाखवला, तर हात वर करण्याआधी एवढं विचारा: नेमकं काय मोजलंस, आणि तिथे पाय ठेवलास का?