मॉनिटरवरचे बापूराव

कोथरूडमधल्या त्या सोसायटीच्या ऑफिसात गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. सेक्रेटरी बापूराव जाऊन चार महिने झाले होते, तरी कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर त्यांच्या नावानं निरोप येत होते. मॉनिटरला हार घातला होता. शेजारी गोमुखीत हात घालून दत्तोबा महाराज जप करत होते.

"आत्म्याला शरीर लागत नाही," ते म्हणाले, "नुसतं नेटवर्क पुरतं."

माना डोलल्या. पडद्यावर ओळ उमटली: ‘गोळ्या बंद कर. महाराजांचं तीर्थ घे.’

बापूरावांच्या पत्नी हेमाकाकूंनी पर्समधून हृदयाच्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि महाराजांच्या पायाशी ठेवलं.

दाराशी उभ्या तनुजानं ते पाहिलं. ती एका कंपनीत नेटवर्क सांभाळायची. फोनवरूनही आत शिरता येईल असा हा लिनक्सचा कॉम्प्युटर तिनंच बसवून दिला होता. बापूराव गेल्यावर त्यावरचं त्यांचं खातं बंद करायचं कामही तिचंच होतं, ते राहिलं. एवढ्यावर भागलं असतं. पण तेराव्यानंतर काकू या पडद्यासमोर एकट्याच बसलेल्या दिसल्या आणि तिला राहवलं नाही. घरी जाऊन तिनं त्या खात्यातून बापूरावांच्या नावानं निरोप धाडला: ‘हेमा, मी बरा आहे.’ दोन आठवड्यांत काकू पहिल्यांदाच हसल्या. मग खरं सांगायला तिचं तोंड उघडेना. पुढचे निरोप तिचे नव्हते, पण वाट तिनंच दाखवली होती. बाकीचं काम भिंतीवरच्या बापूरावांच्या पाटीनं केलं: ‘पासवर्ड विचारून वेळ घालवू नये. खाली लिहिला आहे.’

ती पुढे झाली. "महाराज, बापूराव कुठून बोलतायत ते चेक करू या."

"परलोकातून, मुली."

"मग पत्ता लांबचा येईल."

तिनं ‘हू’ ही आज्ञा दिली. मशीनवर कोण आलंय आणि कुठून, हे त्या आज्ञेनं कळतं. नाव बापूरावांचं होतं, पत्ता सोसायटीच्याच वायफायचा. त्या पत्त्याला तिनं ‘पिंग’ केलं, म्हणजे हाका मारत राहिली. ओळीमागून ओळ उत्तर येऊ लागलं.

"फारच जवळ राहायला आलेत," निवृत्त शिक्षक श्यामसुंदर म्हणाले. "महाराज, हात बाहेर काढता?"

"जपात खंड पडेल."

श्यामसुंदरांनी गोमुखी ओढून घेतली. आत माळ नव्हती, मोबाइल होता. तनुजानं तो बंद केला आणि पडद्यावरची उत्तरं थांबली. महाराज चपला शोधू लागले.

"म्हणजे सगळे निरोप महाराजांचे?" काकूंनी विचारलं.

इथे गप्प बसली असती, तर तनुजा शाबासकी घेऊन घरी गेली असती.

"पहिला माझा, काकू. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तेव्हाच सांगितलं असतं तर आज तुमच्या गोळ्या त्यांच्या पायाशी गेल्या नसत्या. चुकलं माझं."

काकूंनी बापूरावांच्या पाटीकडे पाहिलं. "चाळीस वर्षांत ह्यांनी मला नावानं हाक मारली नाही. ‘ऐकलं का’ म्हणायचे. त्या दिवशीच विचारायला हवं होतं, कोण आहे म्हणून. मुद्दाम नाही विचारलं." त्यांनी पाकीट उचललं, एक गोळी पाण्याबरोबर घेतली. "आता ते खातं बंद कर. माझ्यासमोर."

तनुजानं बंद केलं.

दुःखात माणूस कशालाही धरून बसतो, त्याला हसू नये. पण पडद्यावर किंवा कुणाच्या अंगात कोणी बोलू लागलं, तर हात जोडण्याआधी कोण आणि कुठून एवढं विचारावं. आणि उत्तर आपल्याला ठाऊक असेल, तर दुसऱ्यानं विचारायची वाट पाहू नये.