दिव्यातलं खारं पाणी

"मासं पाललंस काय रं हितं, नागोराव?" मंगळीने बसच्या मागच्या लाल दिव्याला टिचकी मारली. आत पाणी डुचमळलं.

मंगळी तारापूरची कोळीण. अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हाची गोष्ट. बोईसरचे कामगार आणायला ठेकेदाराची बस पहाटे तारापूरहून रिकामीच निघायची. तिच्या टपावर मासळीच्या टोपल्या चढवून मंगळी आणि चौघीजणी बोईसरचा बाजार गाठायच्या. बस इतकी जुनी, की नाल्याच्या चढावर उतारू उतरून पुढे जात आणि वर झाडाखाली बसून तिची वाट बघत. दिव्यात तर एकदा चिखलातली निवटी मासळी अंडी घालून गेली म्हणतात. ज्याला खोटं वाटेल त्याने वाटून घ्यावं.

"चेष्टा ऱ्हाऊ दे, मावशे," परभणीकडचा नागोराव मेस्त्री म्हणाला. "उद्या पहाटं सायेब गाडी बघायला येनार. दिवे लागले न्हाईत तर गाडी मोडीत, अन् मी गावाकडं."

त्याने तीनदा बल्ब बदलले होते. काचेभोवती चहूकडून फटी बुजवायची लांबी लिंपली होती, मुंगी शिरणार नाही अशी. तरी आठ दिवसांत पाणी हजर, होल्डर हिरवा, स्क्रूचा भुगा. आणि पाऊस जाऊन दोन महिने झालेले!

त्याने काच उघडली, पाणी तळहातावर घेतलं आणि जिभेला लावलं.

"शी! मेल्या, पितोस काय?"

"खारं हाय."

त्याने वर पाहिलं. टपापासून वायरीच्या भोकापर्यंत पत्र्यावर तांबडी रेघ उतरली होती. टोपल्यांचं पाणी थेट दिव्यात.

मंगळीनेही रेघ पाहिली. तिचं हसू मावळलं. टोपल्या बंद झाल्या, की डोक्यावर ओझं घेऊन सात-आठ मैल चालणं आलं.

"सायबाला सांगशील?"

नागोराव होल्डर घासत राहिला. "सायेब दिवे बघनार हाय. टोपल्या न्हाई."

मंगळी तरातरा घरी गेली आणि होडीला लावायची राळ तेलात कालवून घेऊन आली. "वरचं भोक हिनं बुजव. पन खालची लांबी काड, शान्या! होडीतलं पानी आमी उपसतो. तुज्या दिव्यातलं कोन उपसनार? त्याला खाली वाट दे."

नागोरावाने वरचं भोक राळेने बुजवलं, खालची लांबी काढून दिव्याच्या तळाला बारीक भोक पाडलं, गंजका पत्रा चकचकीत घासला, नवा स्क्रू आवळून वर ग्रीस चोपडलं. टोपल्यांखाली ताडपत्री घालून तिचं टोक बाजूला सोडलं. राळ सुकायला मात्र पुरता दिवस हवा होता, आणि हाताशी होती एकच रात्र.

पहाटे धुक्यात साहेब आला. दिवे असे लालभडक लागले, की वैतरणा स्टेशनात आगगाडी सिग्नल समजून थांबली म्हणे.

"दोष कुठं होता?"

"वायरीच्या भोकात, सायेब."

एवढ्यात दिव्याखालून एक थेंब साहेबाच्या बुटावर पडला.

"हे काय?"

"दव, सायेब."

बसच्या खिडकीत मंगळी कीर्तनाला बसल्यासारखी गंभीर.

साहेबाने मान डोलावली. "जाऊ द्या गाडी."

दुसरा थेंब साहेबाला दिसण्याआधीच नागोरावाने तळहातावर झेलला. बस निघाली. दोन्ही लाल ठिपके धुक्यात विरले, तरी त्याची मूठ मिटलेलीच होती.