रास मोजताना

माझं तोंड दिवसभर चालू असतं. कासा नाक्यावरचे जीपवाले म्हणतात, पुष्पा बसली की गाणी लावायची गरज नाही. अशी मी जन्मात एकदाच गप्प बसले, आणि त्यातच माझं वाटोळं झालं.

गेल्या साली खळ्यावर भाताची रास मोजत होते. रास मोजताना कुणी चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर बरकत जाते. सासू गंगी शेजारी पहाऱ्याला बसलेली. नवरा, लाहू, टोपल्या वाहत होता. भरदुपारी आभाळातून पाण्याच्या टाकीएवढं काहीतरी गोल उतरलं. आवाज नाही, नुसता भुसा उडाला. दार उघडून एकजण बाहेर आला. उंच, राखाडी, डोळे थेट कानापर्यंत. तरी माझे हात पायलीचं माप भरत राहिले.

तो चक्क मराठीत बोलला, बाजारात बोलतात तशी. "आम्ही लांबून आलोय. एक माणूस न्यायचाय." त्यानं लाहूकडे बोट केलं. "हा नेऊ? नको असेल तर बोला."

लाहू माझ्याकडे बघून हसला. मेल्याला वाटलं, आता ही याची चामडी लोळवणार! मी तोंड उघडलं, तर सासूनं मांडीला चिमटा काढला. मी मान हलवली, हात हलवले. त्याला खुणा कुठल्या कळायला? तीन पायल्या राहिल्यात, मग दाखवते याला, मनात म्हटलं.

त्यानं तीनदा विचारलं. मग लाहूचा हात धरून त्याला आत नेलं. मी पायली फेकून "नको!" म्हणून किंचाळले, तोवर दार मिटलं होतं.

लोक म्हणतात, अच्छाडच्या नाक्यावरून ट्रकवर गुजरातेत गेला असेल, दुसरी केली असेल. म्हणेनात का! माझा जीव थाऱ्यावर नाही. वर विमान गेलं तरी तव्यावरची भाकरी टाकून अंगणात धावते.

आज पुन्हा रास पडली. मी पहिली पायली भरली आणि आभाळाकडे बघून ओरडले, "नको! आमचा माणूस परत आणा!" सगळे दचकले. सासू ताडकन उठली. म्हटलं, आली आता तोंड दाबायला.

ती खळ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली, "लाहू! ए लाहू!"