सात नंबरची घंटा

संशोधकाची पद्धत साधी होती. वापरणाऱ्यांच्यात बसून वस्तू घडवायची, चालवून पाहायची, चुकली की त्यांनाच विचारून सुधारायची, आणि शिकलो ते प्रबंधात लिहायचं. वृद्धाश्रमातल्या घंटांच्या अशा दोन फेऱ्या झाल्या होत्या. दुसऱ्या फेरीत सेविका म्हणाल्या, "काही जण उगाच दाबत बसतात हो. खरी गरज असलेला मागे राहतो." मग त्याने यंत्राला शिकवलं, जो वारंवार दाबेल त्याचा नंबर सेविकांसमोरच्या पडद्यावर खाली ढकलायचा. सेविका खूश झाल्या, आणि हे महाशय तर स्वतःवरच खूश.

सोमवारी भर दुपारी सात नंबरच्या मास्तरीणबाईंनी घंटा दाबली. कोणी आलं नाही. वीस मिनिटांनी त्या एकट्याच उठल्या, पडल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. पाळीवरच्या मावशी रडून सांगत होत्या, "पडद्यावर वरती सात नंबर नव्हताच." व्यवस्थापकांनी त्यांना कामावरून काढायचं ठरवलं.

संशोधकाने नोंदी उघडल्या. सात नंबर, त्रेचाळीस वेळा, एकाच सकाळी. बटण नीट चालतं का, हे पाहायला त्यानेच दाबलं होतं. चाचणी झाल्यावर ते पुसायचं राहून गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर प्रबंध लिहीत बसला होता. त्याहून लाजिरवाणं म्हणजे, पहिला विचार मनात आला तो असा की त्या नोंदी अजूनही पुसता येतील.

पुसल्या नाहीत, पण सांगायचाही धीर होईना. तो आधी मास्तरीणबाईंना भेटायला गेला. खाटेशी उभा राहिला.

"तुम्ही त्या दिवशी माझ्याच खाटेवर बसला होतात, नाही का?" त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं होतं, इथूनच दाबून बघा, मला कुठे घंटा लागते."

"हो."

"मावशीला बोलू नका हं. मी तशी भिडस्त. बटण फार हळू दाबलं असेल मी."

तो तिथून थेट व्यवस्थापकांच्या खोलीत गेला आणि नोंदींचा कागद टेबलावर ठेवला. मावशी किल्ल्या परत करायला आल्या होत्या.

"बाईंनी नीट दाबली होती," तो म्हणाला. "त्याआधी त्रेचाळीस वेळा मी दाबली होती."